थांबायला लागणारी वीज

सूर्य मावळायला थोडा अवकाश होता, तेवढ्यात त्रिशलाबाई शिरगुप्पे जेवून उठल्या. अर्धी भाकरी, मुगाची आमटी आणि पेलाभर ताक. जयसिंगपूरच्या त्या गल्लीत जैनांची घरं बरीच. पण दिवस बुडायच्या आत जेवायचा नेम आता किती जण पाळत असतील, ते ज्याचं त्याला माहीत. त्रिशलाबाई पाळत होत्या. ताट घासून पालथं घातलं, गाळलेल्या पाण्याचा तांब्या झाकला आणि स्वयंपाकघरात दिवा लावायची वेळ येण्याआधीच त्यांनी तिथलं दार ओढून घेतलं.

पुढच्या खोलीत प्रिंटर घरघरला.

"जेवले हो," त्या म्हणाल्या.

सकाळपासून त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलंच वाक्य होतं.

प्रिंटर त्यांच्या यजमानांचा, भूपाल सरांचा. सर शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर करायचं काय, म्हणून त्यांनी सूर्यास्ताचं वेळापत्रक काढायला घेतलं. दर महिन्याचं पान स्वतः आकडेमोड करून तयार करायचे, घरीच छापायचे आणि गल्लीत घरोघर नेऊन द्यायचे. सूर्यास्त मोबाईलवर दिसतो की, असं कुणी म्हणालं तर सर म्हणत, "तो कोल्हापूरचा सूर्य. आपला मिनिटभर आधी मावळतो." त्या मिनिटभरासाठी माणूस किती खटपट करतो, यावर गल्ली हसायची, पण पान मात्र प्रत्येकाच्या फ्रिजवर लागलेलं असायचं.

सरांचा एकच हुकूम होता: प्रिंटरचं बटण कुणी बंद करायचं नाही, त्याला गरम व्हायला वेळ लागतो. सर जाऊन तीन वर्षं झाली तरी त्रिशलाबाईंनी तो मोडला नव्हता. त्या रोज प्रिंटरवरची धूळ पुसायच्या, त्यावर भरतकामाचा रुमाल घालायच्या. अधूनमधून तो आपसूक घरघरायचा, एक हिरवा डोळा मिचकवायचा आणि गप्प व्हायचा. गल्लीतल्या इतर विधवांकडे नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता. त्रिशलाबाईंकडे फोटो होता आणि वर हा घरघरणाराही होता.

सर गेले त्याच वर्षी घरोघरी ओळखमीटर बसले होते. जुना मीटर नुसता मोजायचा, हा ओळखायचा. कुठलंही यंत्र चालू झालं की घरातल्या विजेच्या प्रवाहाला एक हिसका बसतो आणि प्रत्येक यंत्राचा हिसका निराळा असतो. फ्रिजचा वेगळा, मिक्सरचा वेगळा, पाण्याच्या मोटारीचा वेगळा. जिन्यात पाऊल वाजलं की वर कोण येतंय ते घरातल्यांना न बघता कळतं, तसं या मीटरला तारेतून कळायचं. वीज कंपनीने त्या खुणेला 'वीजठसा' असं नाव दिलं होतं. या महिन्यापासून तर मीटर बोलून सल्लेही देऊ लागला होता.

त्या संध्याकाळी तो दाराजवळून गोड आवाजात म्हणाला, "नमस्कार. आपल्या घरातील सर्वाधिक निष्क्रिय वापर: छपाईयंत्र. गेल्या महिन्यात छापलेली पाने: शून्य. यंत्र बंद ठेवावे, ही विनंती."

त्रिशलाबाईंना राग आला. एक कागद छापलेला नाही, मग वीज खाल्ली कुणी? सरांच्या वस्तूवर भिंतीवरच्या डबीने आळ घ्यावा, हे त्यांना सहन होईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी वीज कंपनीकडे तक्रार केली, की तुमचा मीटर खोटं बोलतो.

तक्रारीवर आली ती निलोफर मुजावर, कंपनीची अभियंता. पस्तिशीची, स्कूटरवरून आलेली, हातात हेल्मेट.

"मीटर खोटं बोलतोय म्हणून तक्रार तुमचीच न्हवं, मावशी?"

"माझीच. आधी बस. उन्हातून आलीस, पाणी घे."

पाणी पिता पिता निलोफरने सरांची आणि प्रिंटरची हकिगत ऐकली, मग पिशवीतून तळहाताएवढं वीजमापक काढलं. भिंतीतला सॉकेट आणि प्रिंटरची पिन यांच्यामध्ये ते बसवलं. मग प्रिंटरचं एक बटण दाबून धरलं. आत खडखड झाली आणि चाचणीचं एक पान बाहेर सरकलं. वीजमापकावरचा आकडा एकदम उसळला.

"अगंबाई! इस्त्रीएवढी वीज?"

"क्षणभरच. ह्यात शाई नसती, मावशी, पूड असती. ती वितळवून कागदाला चिकटवायची म्हटल्यावर आत एक रूळ तापवावा लागतो. आता पान आलं, काम झालं. आता आकडा बघा."

आकडा खाली आला, पण शून्यावर गेला नाही. दोघी बघत बसल्या. थोड्या वेळाने कुणी हात लावलेला नसताना प्रिंटर घरघरला आणि आकडा परत वर गेला.

"आता तर आपण काही छापलं नाही."

"न्हाई. रूळ गार पडायला लागला म्हणून परत तापवला त्यानं. कोण तरी छापायला येईल, त्याला थांबायला लागू नये म्हणून. बाकीची यंत्रं अशा वेळी झोपतात. ह्याची झोपच सरांनी बंद करून ठेवलीया."

"त्यांना थांबायला आवडायचं नाही."

"म्हणून हा थांबलाय की. छापायला ह्याला थोडीच वीज लागती, मावशी. सगळी जाती ती थांबण्यात. वर्षाचा हिशेब केला तर तुमच्या फ्रिजच्या पुढं जाईल."

त्रिशलाबाईंनी चाचणीचं पान उचललं. ते अजून कोमट होतं. तीन वर्षं हे यंत्र रात्रंदिवस स्वतःला तापवत बसलं होतं आणि आलं कुणीच नव्हतं.

"खायला काळ आणि भुईला भार," त्या म्हणाल्या खऱ्या, पण आवाजात जोर नव्हता. "काढ त्याची पिन."

निलोफरने पिन काढली. हिरवा डोळा विझला.

त्या संध्याकाळी त्या जेवून उठल्या तेव्हा पुढची खोली गप्प होती. घर एवढं शांत असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. "जेवले हो," असं म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणायचं कुणाला, म्हणून मिटलं.

बोलायला मुलगा होता की. सन्मती बेंगळुरूला होता, संध्याकाळी बसमध्ये बसलं की सकाळी दारात. सर गेल्यावर तो रोज फोन करायचा, मग आठवड्याने, मग सणासुदीला. त्रिशलाबाई आपणहून करायच्या तेव्हा तो मीटिंगमध्ये असायचा. "सगळं ठीक ना आई? मग रात्री करतो." रात्री तो करायचा तेव्हा यांची झोप लागलेली असायची. आपण त्याच्या कामात लुडबूड करतो असं वाटून त्यांनी फोन करणं सोडलं. गेल्या भाद्रपदात, ऐन पर्युषण पर्वात, त्यांना ताप भरला. उठून पाणी घ्यायचीही ताकद नव्हती. दोन-तीन दिवस त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि पलीकडच्या खोलीतली घरघर ऐकत फोनची वाट बघत होत्या. फोन आला नाही. त्याला कसं कळणार, अशी त्यांनी स्वतःचीच समजूत घातली आणि बरं झाल्यावरही त्याला काही सांगितलं नाही.

प्रिंटर बंद केल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"आई? आई, तू आहेस ना?"

"मी नाही तर फोन कुणी उचलला?" त्यांना इतका आनंद झाला की पाय दुखतात हे विसरून त्या उभ्याच राहिल्या. "काय रे, आज आठवण झाली?"

"अगं, लाल आलं! घरी वावर नाही म्हणून. मला घाम फुटला. कुठं पडलीबिडली नाहीस ना?"

"कसला लाल? कसला वावर?"

सन्मतीने मग सांगितलं. वीज कंपनीची 'खुशाली' नावाची सेवा आहे. आईवडील एकटे राहत असतील तर त्यांच्या घरातल्या विजेच्या चढउतारावरून ओळखमीटर ताडतो, की घरात माणूस हिंडतंय-फिरतंय. रोज संध्याकाळी मुलांना निरोप येतो, आणि दोन दिवस वावर दिसला नाही तर मात्र तेव्हाच लाल. बाबा गेल्यावर त्याने लगेच नाव नोंदवलं होतं.

"रोज हिरवं यायचं. 'घरी वावर नेहमीप्रमाणे, सर्व ठीक.' मी रोज बघतो आई, एकही दिवस चुकवलेला नाही. म्हटलं तू बरी आहेस, कशाला उगाच फोन करून उठवायचं?"

त्याच्या आवाजात खोट नव्हती. तो खरंच रोज बघत होता. त्रिशलाबाईंच्या मनात एक शंका आली आणि त्यांनी ती हळूच विचारली.

"गेल्या भाद्रपदात पण हिरवंच होतं?"

"कायमच हिरवं. का गं?"

"काही नाही. सहज."

"मग आता काय बदललंस घरात?"

"सरांचा प्रिंटर बंद केला. बाकी काही नाही."

पलीकडे तो सुटल्यासारखा हसला. "एवढंच होय! मग परत लाव की. म्हणजे मला कळत राहील तू बरी आहेस ते."

"लावते," त्या म्हणाल्या.

मग तो बराच वेळ बोलला. गुडघे कसे आहेत, बस्तीत देवदर्शनाला जातेस का, आंब्याला मोहोर आलाय का. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्या हसऱ्या चेहऱ्याने बसून होत्या. सुख झालं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. सल मागाहून जाणवायला लागला.

पहिलाच लाल निरोप म्हणून तो वीज कंपनीलाही गेला होता. तासाभरात निलोफर धापा टाकत दारात हजर झाली.

"मावशी! बऱ्या हाय ना?"

"मी बरी आहे. तू बस आणि मला सांग, ती खुशाली बघते तरी काय?"

निलोफरने आत-बाहेर फेरी मारली. गॅसची शेगडी पाहिली, खिडकीतून स्वयंपाकघरात आलेलं ऊन पाहिलं. टीव्ही आहे का, विचारलं. बिघडल्यावर दुरुस्तच केला नव्हता. संध्याकाळी दिवा किती वेळ लागतो, विचारलं. लागतच नाही, दिवस बुडायच्या आत जेवण आणि मग नवकार मंत्र म्हणून अंथरूण. मग तिने मोबाईलवर या घराच्या नोंदी उघडल्या आणि तिचा चेहरा उतरला.

"यंत्राची चाल एकसारखी असती, मावशी. फ्रिज घड्याळ लावल्यागत चालू-बंद होतो. माणसाची चाल वेडीवाकडी. मधेच दिवा, मधेच पंखा. खुशाली ती वेडीवाकडी चाल शोधती, कुठल्या यंत्राची ते बघत न्हाई. तुमचा प्रिंटर जुना झालाय, त्याचा उष्णता मोजणारा भाग झिजलाय. तो कधीही तापतो, कधीही गार होतो. मीटरला वाटलं, हे माणूस हाय."

"आणि मी?"

निलोफर मोबाईल पिशवीत टाकायला लागली.

"सांग की. मी कुठं आहे त्यात?"

"तुमी गॅसवर रांधता, उजेडात वावरता, अंधार पडला की निजता. तुमी त्यात न्हाईच, मावशी. फ्रिज हाय, आणि माणूस म्हणून प्रिंटर हाय."

त्रिशलाबाईंना वाईट वाटलं. राग नाही आला, वाईट वाटलं. जन्मभर नेमाने राहिल्या, दिव्यावर किडा येऊन मरू नये म्हणून उजेडात जेवल्या, आणि मोजणाऱ्याने त्याचा अर्थ काय काढला, तर बाई घरातच नाही. भाद्रपदात त्या तापाने फणफणत होत्या तेव्हा प्रिंटरची तब्येत उत्तम होती. तीच सन्मतीला रोज कळत होती.

"मी हे दुरुस्त करून देईन," निलोफर म्हणाली. "प्रिंटरला माणूस समजू नको, असं मीटरला शिकवता येतं. पण मग तुमच्या घरचं रोजच लाल जाईल."

"मग रोज फोन येईल?"

निलोफरने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

"आमचे अब्बा मिरजेत एकटेच असतात. मला पण रोज हिरवं येतं."

"त्यांच्याकडे काय आहे?"

"टाकी भरली की आपोआप बंद होणारी मोटार हाय. नळ गळका हाय, त्यामुळं ती कधीबी चालू होती." हे बोलता बोलताच ती उठली. "येते मावशी. प्रिंटरचं काय ते ठरवून मला कळवा."

खिडकीतून त्रिशलाबाईंनी पाहिलं, तिची स्कूटर ऑफिसच्या रस्त्याला वळली नाही. ती मिरजेच्या बाजूला गेली.

त्रिशलाबाईंनी मुलाला दिलेला शब्द पाळला आणि प्रिंटर लावला. घरघर परत आली, संध्याकाळचा हिरवा निरोप परत जायला लागला आणि फोन परत गप्प झाला. त्या घरघरीला आता "जेवले हो" म्हणवेना. हा आपल्या जागी जेवतोय, आपल्या जागी बरा आहे, असं काहीतरी त्यांच्या मनात यायचं.

काही दिवसांनी त्यांनी जे केलं ते त्यांच्या वयाला शोभणारं नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी पिन काढली आणि फोनजवळ जाऊन बसल्या. बसल्या म्हणजे काय, दोन दिवस त्या फोनपासून हलल्या नाहीत. अखेर फोन आला.

"आई, प्रिंटर काढू नकोस म्हटलं होतं ना? मी मीटिंगमधून उठून आलोय."

"धूळ पुसताना निघाली असेल पिन."

"बघून पूस गं. ठीक आहेस ना? बरं, ठेवतो."

एवढ्यावरच बोलणं संपलं. कसे आहेत गुडघे, हे या वेळी राहूनच गेलं. त्रिशलाबाईंनी पिन लावली आणि आठवडाभर स्वतःला बजावलं, की पुन्हा असं करायचं नाही. पण माणसाचं मन, जित्याची खोड. त्यांनी तिसऱ्यांदा पिन काढली.

या वेळी फोन वाजलाच नाही. मोबाईलवर नुसता निरोप आला. चष्मा लावून त्यांनी तो वाचला. दोनच शब्द होते.

'प्रिंटर लाव.'

त्यांनी तो निरोप पुन्हा एकदा वाचला. लाल म्हणजे आई संकटात, हे समीकरणही आता मोडलं होतं. लाल म्हणजे प्रिंटर बंद. उद्या खरोखरच न्हाणीघरात पाय घसरला तर हिरवं गेलं काय आणि लाल गेलं काय, दोन्ही सारखंच. या घरात आपण आहोत की नाही हे आता कुणाला म्हणजे कुणालाच कळणार नाही. आणि मोडलं ते आपल्याच हाताने मोडलं, हेही त्यांना दिसत होतं. मग त्या उठल्या आणि त्यांनी पिन लावली. प्रिंटर जागा झाला, घरघरला.

"तू बस इथं," त्या त्याला म्हणाल्या. "मी जाऊन येते."

दुपारभर त्यांनी दुधातल्या दशम्या केल्या. डबा भरला, गाळलेल्या पाण्याची बाटली भरली, दोन साड्या पिशवीत टाकल्या. दिवस बुडायच्या आत जेवून त्या कुलूप लावून चौकात आल्या आणि बेंगळुरूच्या बसमध्ये बसल्या. वाटेत बस ढाब्यावर थांबली तेव्हा सगळे जेवायला उतरले. त्या खिडकीला डोकं टेकून बसून राहिल्या. सरांच्या माघारी त्यांनी एकटीने केलेला हा पहिलाच प्रवास होता. भीती वाटत होती आणि मजाही वाटत होती.

सकाळी रिक्षावाल्याला चिठ्ठीवरचा पत्ता दाखवत, दोनदा चुकत त्या सन्मतीच्या इमारतीत पोहोचल्या. लिफ्टने वर गेल्या. दाराला वरच्या बाजूला एक काचेचा डोळा होता. त्याच्याकडे बघत त्यांनी पदर सारखा केला आणि घंटा दाबली.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दार उघडलं. सन्मती उभा होता, केस विस्कटलेले, एका हातात चहाचा कप. कानशिलाजवळ पिकलेले केस त्रिशलाबाईंनी पहिल्यांदाच पाहिले.

"आई?" तो म्हणाला. "तू... इथं कशी? अगं, काल संध्याकाळी तर..."

दुसऱ्या हातातला मोबाईल त्याने चटकन वर केला, जणू समोर उभी असलेली बाई खरी की नाही हे त्यात विचारून घ्यायचं होतं. पडद्यावर हिरवा उजेड होता.

"काय म्हणतंय ते?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

तो वाचताना अडखळला. "घरी वावर नेहमीप्रमाणे. सर्व ठीक."

"खरं आहे त्याचं. घरी सगळं ठीकच आहे." त्यांनी दशम्यांचा डबा त्याच्या हातात दिला. तो घ्यायला त्याला मोबाईल खाली ठेवावा लागला. मग त्या उंबऱ्यावरच उभ्या राहून त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "आता मला विचारतोस का, कशी आहेस म्हणून?"